व्हाइट सँड्सचा अल्कली फ्लॅट लूप: पाणी, खांब आणि परत फिरण्याची वेळ

प्रश्न असा आहे: न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स नॅशनल पार्कला जुलैच्या पहिल्या आठवड्यात जायचं आहे. सोबत अकरा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले, साठी ओलांडलेले आई-बाबा. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचून अल्कली फ्लॅटचा पाच मैलांचा लूप, म्हणजे फिरून सुरुवातीच्याच जागी येणारी वाट, करायचा आणि वाळूतच सूर्यास्त बघायचा, असा बेत आहे. रोज चार-पाच मैल चालायची सवय आहे. जमेल का, आणि सोबत काय न्यावं?

दुपारी तीनला अजिबात निघू नका. जुलैत हा लूप करायचाच असेल तर पार्कचं गेट सकाळी 7 वाजता उघडतं तेव्हा गाडी गेटवर हवी, आणि दहा-साडेदहाच्या आत तुम्ही गाडीत परत हवेत. आई-बाबांना या वाटेवर नेऊ नका. त्यांच्यासाठी त्याच पार्कात दुसऱ्या चांगल्या वाटा आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. सूर्यास्तासाठी पाच मैल आत जायची गरजच नाही. रस्त्यालगतच्या कुठल्याही टेकडीवरून तो तितकाच सुंदर दिसतो.

आता कारणं. आधी नावाने फसू नका. नावात ‘फ्लॅट’ असलं तरी वाट सपाट नाही. अल्कली फ्लॅट म्हणजे हिमयुगातल्या ओटेरो सरोवराचा कोरडा पडलेला तळ, आणि वाट फक्त त्याच्या काठापर्यंत जाते. तिथे जाताना आणि तिथून येताना एकामागून एक वाळूच्या टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या असतात. पार्कातल्या मोठ्या टेकड्या 60 फुटांपर्यंत, म्हणजे 18 मीटरपर्यंत उंच आहेत. एक टेकडी काहीच वाटत नाही, पण एकापाठोपाठ एक चढताना पाय भरून येतात. पाच मैल म्हणजे 8 किलोमीटर. भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलाचा बराचसा जोर वाळू सरकवण्यात जातो. फुटपाथवरचे पाच मैल आणि हे पाच मैल यांची तुलनाच करू नका. बऱ्यापैकी तब्येतीच्या माणसाला सुमारे तीन तास धरा, मूल सोबत असेल तर थोडे जास्त.

वाटेवर सावली नाही आणि पाणी नाही. ‘फारशी नाही’ असं नव्हे, अजिबात नाही. पार्कात पिण्याचं पाणी फक्त गेटजवळच्या व्हिजिटर सेंटरला मिळतं. तिथून ड्यून्स ड्राइव्ह हा 8 मैलांचा रस्ता आत जातो, पहिले 5 मैल डांबरी आणि पुढचे 3 मैल दाबून घट्ट केलेल्या जिप्समचे, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाळूचे, आणि लूप सुरू होतो तो या रस्त्याच्या आतल्या टोकाला. म्हणजे तिथे पोहोचल्यावर बाटली रिकामी आहे असं लक्षात आलं, तर सोळा मैलांचा फेरा आला. बहुतेक लोक अशा वेळी ‘चालेल एवढ्यावर’ म्हणून पुढे जातात, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

लूपचा हिशेब

गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर कुठल्याही क्षणी माणूस मागे वळू शकतो; जितकं गेलो तितकंच परत. लूपचं तसं नसतं. पहिला मैल झाला की मागे वळणं एक मैलाचं आणि पुढे जाणं चार मैलांचं. अडीच मैलांवर दोन्ही सारखंच. त्यानंतर मागे वळण्यात काहीच फायदा उरत नाही, आणि नेमकं तिथेच पाणी अर्ध्यावर आलेलं असतं, ऊन चढलेलं असतं, मुलं कुरकुरायला लागलेली असतात. मध्ये रस्ता लागत नाही, आडवाट नाही, गाडी येऊ शकत नाही. म्हणून परत फिरायचं की नाही हे पहिल्या मैलाच्या आसपासच ठरवायचं, आणि ते वाटण्यावर न ठेवता आकड्यांवर ठरवायचं.

आकडे असे ठेवा. पहिला मैल 40 मिनिटांत झाला नाही तर लूप सोडून परत फिरा. या वेगाने साडेदहाच्या आत गाडीत परत येणं होणार नाही. सुरुवातीच्या पाण्यातलं एक तृतीयांश पाणी दीड मैलाच्या आत संपलं तरी परत फिरा. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, किंवा बडबड करणारं मूल अचानक गप्प झालं, तरी परत फिरा, मग घड्याळ काहीही सांगो. आणि फिरताना सगळे एकत्र फिरा. 2015 च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर एक फ्रेंच जोडपं उष्म्याने दगावलं. आईला बरं वाटेना म्हणून ती एकटी मागे वळली, बाप-लेक पुढे गेले. नऊ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. सोबत पाणी फारच थोडं होतं. दोन चुका इथे एकत्र आल्या, अपुरं पाणी आणि गटाची फाटाफूट, आणि या दोन्ही टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

ऊन आणि पाणी

नॅशनल पार्क सर्व्हिसचा सल्ला आहे की तापमान 85 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 30 अंश सेल्सिअसला पोहोचलं असेल तर चालायला सुरुवातच करू नका. जुलैत दुपारी पारा 35 च्या वर असतो, आणि तीन ते पाच ही दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतच नाही. अंगावरच सुकून जातो. शर्ट ओला झाला नाही म्हणून पाणी गेलं नाही असं समजू नका. कपाळावर किंवा कानामागे हात फिरवला आणि मिठाची पूड लागली, तर शरीरातून किती गेलं याचा अंदाज येतो.

पार्कचा आकडा माणशी दिवसाला एक गॅलन पाण्याचा आहे, म्हणजे पावणेचार लिटर. जुलैच्या सकाळी या लूपसाठी मोठ्या माणसाला 4 लिटर घ्या, अकरा वर्षांच्या मुलीसाठी 2.5 ते 3 लिटर. तिच्या पाठीवर त्यातलं एक लिटरच द्या, बाकीचं तुम्ही वाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार दिवसात मोठ्यांना 3 लिटर पुरतं, त्याखाली जाऊ नका. चार लिटर म्हणजे चार किलो, हे ओझं नकोसं वाटतं; पण ते दर तासाला कमी होत जाणारं ओझं आहे. याशिवाय माणशी दोन लिटर गाडीत ठेवा, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून किंवा आइसबॉक्समध्ये, कारण उन्हात उभ्या गाडीतलं पाणी प्यायच्या लायकीचं राहत नाही.

सगळं पाणी एकाच पिशवीत भरू नका. नळीवाली पिशवी सोयीची असते, पण खाली टेकवली की नळीच्या तोंडात जिप्सम जातं, पिशवी फुटली तर सगळं जातं, आणि किती उरलं ते दिसत नाही. दोन लिटर पिशवीत, दोन लिटर बाटल्यांमध्ये, आणि त्यातली एक लिटरची बाटली सीलबंद, शेवटच्या मैलापर्यंत हात न लावायची.

नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं. घामाबरोबर मीठ जातं आणि वर फक्त पाणी पडत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. लक्षणं पुन्हा तीच, डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून चार लिटरपैकी निदान एका लिटरमध्ये ओआरएसची पुडी टाका. पुडीवर जितकं पाणी लिहिलं असेल तितकंच घ्या, चवीसाठी कमी-जास्त करू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट, तहान लागो न लागो. खायला खारे दाणे, चिवडा असं काहीतरी. चॉकलेट वितळतं आणि गोडाने तहान वाढते.

उष्म्याची पहिली पायरी म्हणजे भरपूर घाम, गळून गेल्यासारखं वाटणं, पायांत गोळे, चक्कर. अशा वेळी थांबायचं, छत्री किंवा चादर धरून सावली करायची, कपडे सैल करून मान, काखा आणि डोकं ओलं करायचं, वारा घालायचा, ओआरएस घोटघोट द्यायचं. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी लूप पुढे करायचा नाही, जवळच्या बाजूने बाहेर पडायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम थांबलेला असेलच असं नाही, त्यावर विसंबू नका. 911 लावा, आणि मदत येईपर्यंत पिण्याचं पाणीसुद्धा त्याच्या अंगावर ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आतल्या भागात फोनला रेंज मिळेलच याची खात्री नाही. सगळ्यात उंच टेकडीच्या माथ्यावर जाऊन प्रयत्न करा.

एक गोष्ट मात्र इथे आपल्या बाजूची आहे. ही वाळू म्हणजे नेहमीची क्वार्ट्झची वाळू नव्हे, जिप्सम आहे, आणि ती भर उन्हातही पायाला चटके देत नाही. पांढऱ्या रंगामुळे ऊन परत फेकलं जातं आणि खालचा ओलावा वर येऊन उडत राहतो. याचं कौतुक करताना दुसरी बाजू विसरू नका: जे ऊन वाळूत मुरत नाही ते खालून तुमच्या तोंडावर येतं. रुंद काठाची टोपी वरून येणारं ऊन अडवते, खालून येणारं नाही. सनस्क्रीन लावताना हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या पाळीमागे आणि गुडघ्यांच्या मागे लावा. नेमके हेच भाग भाजतात. एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त, दर दोन तासांनी. गॉगल कडेने बंद असलेला आणि यूव्ही 400 चा हवा. मुलीसाठीही तसाच, खेळण्यातला नको. दिवसभर उघड्या डोळ्यांनी फिरलं तर रात्री डोळ्यांत वाळू टोचल्यासारखं होतं, बर्फात होतं तसंच.

वाळूत पाऊल कसं टाकायचं

व्हाइट सँड्समधला वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. त्यामुळे टेकडीची नैऋत्येकडची बाजू लांबट, हलक्या चढाची आणि दाबून घट्ट झालेली असते, आणि ईशान्येकडची बाजू उभी, भुसभुशीत. माथ्यावरून पडलेली वाळू तिथे 30 ते 34 अंशांच्या उतारावर जेमतेम टिकून असते, पाय टाकला की सुटते. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर निदान एखादा पक्का दगड, एखादं कारवीचं खोड हाताला लागतं. इथे पूर्ण उतारच सरकता असतो, त्यामुळे त्याच्याशी झगडायचं नाही.

चढताना शक्यतो घट्ट बाजू धरा. ती ओळखायची खूण म्हणजे बारीक, रेखीव लहरी, ज्यांच्यावर पाय ठेवला तर जेमतेम अर्धा इंच रुततो. लोकांच्या पावलांनी उकरलेली वाळू त्यामानाने मऊ असते, म्हणून इथे मळलेल्या पावलांवर पाऊल टाकण्यापेक्षा त्यांच्या दोन-तीन फूट बाजूने चालणं सोपं जातं. मात्र उभी, मऊ बाजू चढावीच लागली तर उलटं करा: आधीच्या माणसाच्या पावलाच्या खाचेत पाऊल टाका, तिथली वाळू दाबली गेलेली असते. पावलं लहान, तळवा पूर्ण टेकवून. चवड्याने रेटा दिला की वाळू मागे जाते आणि पोटऱ्या पेटतात. सरळ वर न जाता तिरकं चढा. उतरताना मात्र सरळ खाली, टाच रोवत, गुडघे किंचित वाकवून, अंग मागे न टाकता.

दुपारच्या उजेडात इथे एक फसवणूक होते. डोक्यावर सूर्य असताना सगळं एकसारखं पांढरं दिसतं, सावल्या नसतात, आणि माथ्याची कड कुठे संपते ते डोळ्यांना कळत नाही. मुलं धावत माथ्यावर जातात आणि पलीकडे पंधरा-वीस फुटांचा उभा उतार निघतो. माथ्याच्या आधी थांबायचं, पलीकडे बघायचं, मग उतरायचं, हा नियम मुलीला गाडीतच सांगून ठेवा. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक लहर वेगळी दिसते. सकाळी निघण्याचं हेही एक कारण आहे, आणि फोटोही तेव्हाच चांगले येतात.

वाळूत खड्डे किंवा बोगदे खणू देऊ नका. वरची कोरडी वाळू न सांगता खाली येते, आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला एकट्याने बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं.

अनवाणी चालावं का, हे बरेच जण विचारतात. रस्त्यालगत हुंदडायला अनवाणीच मजा येते, पण पूर्ण लूपसाठी नको. दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर कडक पापुद्रा असतो, झुडपांचे खुंट असतात, आणि आठ किलोमीटर अनवाणी चाललं की टाचेमागची शीर दुसऱ्या दिवशी बोलते. जाळी नसलेले, घोट्यापर्यंतचे हलके बूट आणि त्यावर कापडी गेटर्स (बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारी पट्टी), म्हणजे वाळू आत जात नाही. वाळू आत गेलीच तर ‘पुढच्या खांबाशी काढू’ असं म्हणू नका. फोड यायला दहा मिनिटं पुरतात. काठी वापरत असाल तर तिच्या टोकाला बर्फासाठी मिळणारी रुंद चकती लावा, नाहीतर ती निम्मी आत जाते.

खांब

वाट म्हणून जमिनीवर काहीच नसतं. टेकड्या सरकत राहतात, पावलं वाऱ्याने पुसली जातात. खूण म्हणून असतात ते लाल खांब, त्यावर चौकटचं चिन्ह, पत्त्यांतल्या चौकटीसारखं. पार्कातल्या इतर वाटांनाही रंग आणि पत्त्यांचीच चिन्हं दिली आहेत, त्यामुळे दुसऱ्या रंगाचा खांब दिसला तर आपण चुकीच्या वाटेवर आहोत हे लगेच कळतं.

खांब वापरायची पद्धत एकच: एका खांबाशी उभं राहून पुढचा खांब डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो खांब सोडायचा नाही. दिसत नसेल तर एकाने खांबाशी थांबायचं, दुसऱ्याने जवळच्या माथ्यावर जाऊन बघायचं, दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहायचं. तरीही दिसला नाही तर मागे फिरायचं. लोक चुकतात ते इथेच. समोर पावलांचे ठसे दिसतात, ‘गेलेत ना सगळे इकडून’ म्हणून त्यांच्यामागे जातात, आणि ते ठसे फोटो काढायला टेकडीवर चढलेल्या कुणाचेतरी निघतात. इथे कुणीही कुठेही चढतं. ठसा म्हणजे वाट नव्हे.

दिशेसाठी डोंगर मदतीला येतात. सॅन अँड्रेसची रांग पश्चिमेला, सॅक्रॅमेंटोची पूर्वेला. हवा स्वच्छ असेल तर दोन्ही सतत दिसतात. निघताना गाडीच्या मागे नेमका कुठला डोंगर आहे याचा फोटो काढून ठेवा. टेकड्यांची उभी बाजू साधारण ईशान्येकडे असते, हाही एक ढोबळ अंदाज, पण उलट वारा वाहिल्यावर माथे उलटे वळतात, म्हणून एकट्या त्यावर जाऊ नका. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या, गाडीची जागा त्यात खूण करून ठेवा, वाट नोंदवायला लावा आणि फोन एअरप्लेन मोडमध्ये ठेवा. उन्हात फोन तापून बंद पडतो, तेव्हा तो हातात न धरता बॅगेत, कपड्यात गुंडाळून ठेवा. साधं होकायंत्रही जवळ असू द्या, त्याला चार्जिंग लागत नाही.

वाट चुकल्याची शंका आली की चालणं थांबवा. स्वतःच्या ठशांवरून शेवटच्या खांबापर्यंत परत जा. ठसे पुसले गेले असतील तर उंच माथ्यावर उभं राहून लाल रंग शोधा. पश्चिमेकडच्या सपाटीत मात्र शिरू नका. लूपच्या पलीकडे क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्र आहे. तसंही पार्कच्या हद्दीत कुठेही धातूचा विचित्र तुकडा दिसला तर हात लावू नका; जुने, न फुटलेले दारूगोळ्याचे अवशेष अजूनही सापडतात. जागा लक्षात ठेवून रेंजरला सांगा.

वारा आणि वीज

फेब्रुवारी ते मे हे वाऱ्याचे महिने. 1982 च्या मार्चमध्ये कोलंबिया हे अवकाशयान याच परिसरातल्या कोरड्या सरोवराच्या तळावर उतरणार होतं, तेव्हा वाऱ्यामुळे उतरणं एक दिवस पुढे ढकलावं लागलं, आणि यान उतरल्यावर त्यात जिप्सम सगळीकडे शिरलं होतं. तुमच्या कॅमेऱ्याचं काय होईल याचा अंदाज करा. जोराचा वारा असेल त्या दिवशी हा लूप करूच नका, कारण उडत्या पांढऱ्या वाळूत पुढचा खांब दिसत नाही आणि संपूर्ण पद्धतच कोलमडते. मध्येच वादळ उठलं तर खांबाशी बसा, वाऱ्याकडे पाठ, तोंडाला ओलसर कापड, आणि ओसरेपर्यंत हलू नका. टेकडीच्या उभ्या बाजूच्या पायथ्याशी आडोसा घेऊ नका. माथ्यावरची सगळी वाळू तिथेच येऊन पडते. कॅमेऱ्याची लेन्स आत बदलायची नाही, आणि जिप्सम बसलं तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही. ओलं झालं की ते घट्ट चिकटतं, म्हणून कोरडं असतानाच ब्रशने झाडायचं.

जुलै ते सप्टेंबर दुपारी गडगडाट होतो. टेकडीच्या माथ्यावर उभा माणूस म्हणजे त्या भागातली सगळ्यात उंच वस्तू. मेघगर्जना ऐकू आली की माथा सोडा आणि जवळच्या बाजूने गाडीकडे निघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीबाहेर येऊ नका. सकाळी निघालेल्यांना हा प्रश्न बहुधा येतच नाही.

मोसम निवडता येत असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. ऊन सुसह्य, वारा शांत, आकाश निवळ. डिसेंबर-जानेवारीतही छान, पण पहाटे पारा शून्याखाली जातो आणि दिवस लहान असतो, म्हणून दुपारी दोननंतर लूप सुरू करू नका. पावसाच्या दुसऱ्या दिवशी वाळू दबलेली असते आणि चालणं खूपच हलकं होतं.

निघण्याआधी

हे पार्क चाचणी क्षेत्राच्या मधोमध असल्याने क्षेपणास्त्र चाचणीच्या वेळी ड्यून्स ड्राइव्ह आणि कधी पार्ककडे येणारा हायवे 70 सुद्धा बंद होतो, तीन तासांपर्यंत. आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर बघा. सकाळीच बंद असेल तर ‘उघडल्यावर दहाला निघू’ असा मोह होईल. तो बेत तेव्हाच रद्द करा. गेट बंद व्हायची वेळ ऋतूनुसार बदलते, तीही त्याच वेळी बघून घ्या, कारण उशीर झाला तर गाडी आत अडकते. पार्किंगमध्ये नोंदणीची वही असेल तर नावं आणि वेळ लिहा. नसेल तर लूप किती वाजता सुरू केला आणि किती वाजता आलो नाही तर फोन करायचा, हे गाडीशी थांबणाऱ्या किंवा हॉटेलवर असलेल्या कुणालातरी सांगा.

व्हिसावर असलेल्यांसाठी महत्त्वाचं: पार्ककडून लास क्रुसेस शहराकडे जाताना हायवे 70 वर बॉर्डर पेट्रोलचं तपासणी नाकं लागतं. सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं सोबत ठेवा, आई-बाबांचीही. ती हॉटेलच्या तिजोरीत राहिली तर संध्याकाळ वाया जाते.

पांढरी वाळू डबीत भरून न्यायला मनाई आहे, ड्रोनलाही. दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसेल. त्यात सूक्ष्मजीव असतात, माती तोच धरून ठेवतो आणि एका पावलाने तो तुटतो. तिथून जाताना खांबांची रेष सोडू नका. वाटेत वाळूतून डोकं बाहेर काढून उभी राहिलेली युक्का दिसली तर जरा थांबा. टेकडी वर चढत जाते तशी ती खोड लांबवत पानं वाळूच्या वर ठेवते, आणि टेकडी पुढे सरकली की तेच लांबलेलं खोड आधाराविना कोसळतं. सरोवराच्या काठाशी पोहोचल्यावर मुलीला आवर्जून सांगा की याच सरोवराच्या जुन्या चिखलात माणसांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांचं वय 21,000 ते 23,000 वर्षं ठरवलं गेलं. ती जागा बघता येत नाही, पण आपण कुठे उभे आहोत हे कळल्यावर मुलांच्या चालण्यात फरक पडतो.

आई-बाबांसाठी इंटरड्यून बोर्डवॉक सगळ्यात सोयीचा: लाकडी फळ्यांची 0.4 मैलांची वाट, वाळूत पाऊलही न टाकता सगळं जवळून दिसतं, व्हीलचेअरही जाते. प्लाया ट्रेल अर्ध्या मैलाची आणि सपाट. ड्यून लाइफ नेचर ट्रेल एक मैलाची, पण तिच्यावर दोन उभ्या टेकड्या आहेत. गुडघे दुखत असतील तर नको. तुम्हालाही दुपारीच पोहोचता येणार असेल तर लूपचा विचार दुसऱ्या दिवशी सकाळवर टाका, व्हिजिटर सेंटरला बाटल्या भरा, आणि पाचनंतर सगळे मिळून बोर्डवॉक करा. सूर्यास्ताला रस्त्यालगतच्या टेकडीवर बसा, गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवून. दुसऱ्या दिवशी लूपला एक मोठा माणूस आणि मुलगी गेले आणि दुसरा आई-बाबांबरोबर थांबला, तरी चालेल. फक्त गाडीची किल्ली आणि परत यायची ठरलेली वेळ थांबणाऱ्याकडे असू द्या.